झोपाळा, कॅरम, कवडसा: घरातलं भौतिकशास्त्र करून बघायची रीत

माझ्या बहिणीच्या घरी माजघरात शिसवी फळीचा झोपाळा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत भाची त्यावर बसून मला तिचा विज्ञानाचा धडा म्हणून दाखवत होती. दोलन, दोलनकाल, आयाम, सगळ्या व्याख्या न अडखळता. मी विचारलं, "आत्ता तू एकटी बसली आहेस. बाबा शेजारी येऊन बसले तर एका झोक्याला लागणारा वेळ वाढेल की कमी होईल?"

तिने पाय टेकून झोपाळा थांबवला. "वाढेल. बाबा केवढे जड आहेत!"

बाबांना हाक मारली. मोबाईलवर वेळ लावली आणि दहा झोके मोजले. एकटीला जेवढा वेळ लागला, तेवढाच जवळजवळ दोघांनाही लागला. ती लगेच म्हणाली, "मावशी, परत मोजूया. काहीतरी चुकलंय."

मुलांच्या तोंडून हे "परत मोजूया" यावं, म्हणून हा लेख लिहिते आहे. मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं ठाम मत झालं आहे की तत्त्वाचं नाव सगळ्यात शेवटी सांगावं. "याला जडत्व म्हणतात" असं आधीच सांगून टाकलं की मूल बघायचं थांबतं. उत्तर मिळालं असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात मिळालेला असतो फक्त शब्द. हाताला, डोळ्याला, कानाला ती गोष्ट आधी कळली की मग नाव सांगा. तेव्हा ते विसरत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, मधोमध शाईचा काळा लेप भरणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या निव्वळ कानाने ठरवलं की ती किती आणि कुठे भरायची. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून त्याचा नाद धड एका सुरात लागत नाही. शाईच्या वजनामुळे ते स्वर जवळजवळ पूर्णांक पटीत येतात आणि तबला सुरात बोलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंग-तबल्याच्या या गुणाचा अभ्यास करून १९२० मध्ये त्यावर लिहिलं. पुडी बांधणाऱ्यांच्या बोटांना ते त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं.

सुरुवात कशी करायची

सामान फार लागत नाही. मजबूत दोरा, एक कुलूप, मोजायची टेप, स्टॉपवॉच असलेला मोबाईल, पुठ्ठा, टाचणी, छोटा आरसा, दोन-चार गोट्या, एक बांगडी, स्वयंपाकघरातला वजनकाटा. आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची.

प्रत्येक वेळी क्रम एकच ठेवा. आधी मुलाकडून अंदाज घ्या, आणि तो वहीत लिहून घ्या. नुसता तोंडी घेतलेला अंदाज नंतर बदलतो, "मला वाटलंच होतं" असं होतं. मग करून बघा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, उदाहरणार्थ दोराही लांब केला आणि कुलूपही मोठं घेतलं, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. जिथे मोजता येईल तिथे मोजा, निदान तीनदा. आणि मग विचारा, "असं का झालं असेल?" मुलाने स्वतःच्या शब्दांत काही सांगितलं, मग ते अर्धवट असो की चुकीचं, की त्याच्या पुढे पुस्तकातलं नाव ठेवा.

यात मोठ्यांना अवघड जाते ती गप्प बसण्याची पायरी. मूल विचार करत असताना दहा-पंधरा सेकंद शांत राहणं आपल्याला जमत नाही, उत्तर तोंडातून निसटतं. तेवढं सांभाळलं तर निम्मं काम झालं.

झोका

झोपाळ्यावर जाण्याआधी कुलपापासून सुरुवात करा. दाराच्या चौकटीत वर खिळा असेल तर त्याला दोरा बांधा आणि खाली कुलूप अडकवा. लांबी बरोबर १ मीटर ठेवा. ती खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. वीतभर बाजूला ओढा आणि सोडा, ढकलू नका. गेलं आणि परत आलं की एक झोका. असे दहा झोके मोजा.

बहुतेक मुलं इथे एक चूक करतात आणि ती त्यांना स्वतःला सापडू द्यावी. कुलूप सोडतानाच ती "एक" म्हणतात. म्हणजे "दहा" म्हणेपर्यंत झोके नऊच झालेले असतात आणि वेळ १८ सेकंद येते. सोडताना "शून्य" म्हणायचं. मग १ मीटरच्या दोऱ्याला दहा झोक्यांसाठी २० सेकंद लागतात. सेकंदाच्या अंशाने इकडेतिकडे होईल, पण विसाच्या आसपासच.

आता वहीत अंदाज लिहा: कुलपाऐवजी किल्ल्यांचा जुडगा लावला तर? मोठं कुलूप लावलं तर? करून बघा. लांबी तीच ठेवली तर वेळ तीच येते. पुढचा अंदाज: दोरा निम्मा केला तर वेळ निम्मी होईल? इथे जवळजवळ सगळे "हो" म्हणतात. ५० सेंटीमीटरला दहा झोके साधारण १४ सेकंदांत होतात. वेळ खरोखर निम्मी, म्हणजे १० सेकंद, व्हायला दोरा २५ सेंटीमीटरवर आणावा लागतो. लांबी चौपट तेव्हा वेळ दुप्पट. हा नियम मुलाने आकड्यांतून स्वतः शोधावा. १०० ला २०, २५ ला १०, एवढे दोन आकडे शेजारी लिहिले की बहुतेकांना दिसतो.

आठवी-नववीतलं मूल असेल तर आणखी एक पाऊल पुढे जा. ३९.५ ला (हा आकडा म्हणजे ४π²) मीटरमधल्या लांबीने गुणा आणि एका झोक्याच्या सेकंदांच्या वर्गाने भागा. १ मीटर आणि २.०१ सेकंद धरले तर उत्तर ९.८ च्या जवळ येतं. हे पृथ्वीचं गुरुत्वत्वरण. एक कुलूप, एक दोरा आणि मोबाईल एवढ्यावर ते आपल्या चौकटीत मोजता येतं, हे मला आजही फार मोठं वाटतं. ज्यांनी "एक" पासून मोजलं होतं त्यांच्या १.८ सेकंदांतून १२ च्या वर आकडा येतो. तिथेच एका झोक्याची चूक किती महागात पडते ते दिसतं. ओढताना कुलूप फार लांब नेऊ नका. झोका मोठा झाला की वेळ थोडी वाढते, आणि ६० अंशांपर्यंत ओढलं तर फरक सुमारे ७ टक्के पडतो.

आता बागेतल्या झोक्याकडे चला. मुलाला विचारा, बसून झोका घेतलास आणि उभं राहून घेतलास तर कशात वेळ कमी लागेल? उभं राहिलं की शरीराचं वजन वर सरकतं, म्हणजे जणू दोरा आखूड झाला, आणि झोका किंचित लवकर येतो. मग विचारा, कुणी न ढकलता तू झोका वाढवतोस कसा? इथे उत्तर मागू नका, झोक्यावर बसवा आणि त्याच्या गुडघ्यांकडे त्यालाच लक्ष द्यायला सांगा. उभ्याने झोका चढवणारी मुलं दोन्ही टोकांना गुडघे वाकवतात आणि तळाशी येताना ताठ उभी राहतात. तळाशी ताठ होणं सगळ्यात जड जातं, पायांना ते जाणवतं. पायांनी केलेलं ते कामच झोक्यात साठत जातं.

शेवटी एका बोटाची गंमत. मोठ्या माणसाला झोक्यावर बसवा. मुलाने फक्त एका बोटाने, झोका परत फिरायच्या क्षणी, दर वेळी तेवढाच हलका धक्का द्यायचा. पंधरा-वीस धक्क्यांत काका चांगले झुलायला लागतात. मग तेच धक्के मनाला येईल तेव्हा द्यायला सांगा, झोका वाढतच नाही. हे झाल्यावर "अनुनाद" हा शब्द सांगा.

सवड असेल तर कपडे वाळत घालायच्या दोरीला हातभर अंतरावर सारख्याच लांबीचे दोन दोरे बांधून खाली सारखी कुलपं लटकवा आणि एकच हलवा. थोड्या वेळाने ते थांबेल आणि दुसरं झुलू लागेल, मग पुन्हा पहिलं. काही न सांगता मुलाला तिथेच बसू द्या.

कॅरमबोर्डावरच्या पांढऱ्या रेघा

पावसाळ्याच्या दुपारी हा प्रयोग करा. बोर्डावर पावडर नेहमीपेक्षा जरा जास्त आणि सगळीकडे सारखी पसरा. तिच्यात सोंगटी जाते त्या वाटेची रेघ उमटते, आणि आपल्याला त्या रेघाच हव्या आहेत.

एक सोंगटी मध्यावर ठेवा. दुसरी सोंगटी, स्ट्रायकर नव्हे, बोटाने मारून पहिलीवर अगदी समोरासमोर आदळवा. नेम जमेपर्यंत चार-पाच वेळा लागतील. नेमका बसला की मारलेली सोंगटी जागच्या जागी थबकते आणि समोरची तिचा जवळजवळ सगळा वेग घेऊन निघून जाते. गोट्या खेळणाऱ्यांनी हे शंभर वेळा पाहिलेलं असतं, पण गोटी घरंगळते, त्यामुळे तिथे ते इतकं स्वच्छ दिसत नाही.

आता मुद्दाम जरा बाजूला मारा. दोन्ही सोंगट्या वेगवेगळ्या दिशांना जातील. पावडरीतल्या त्या दोन रेघांमधल्या कोनात कंपासपेटीतला गुण्या ठेवा. काटकोन! किती बाजूला लागली, किती जोरात मारली, काहीही बदला, कोन काटकोनाच्याच आसपास राहतो. मी हे पहिल्यांदा वर्गात केलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं बोर्डाभोवती येऊन उभी राहिली आणि प्रत्येकाला गुण्या स्वतः ठेवून बघायचा होता.

मग एकच गोष्ट बदला, सोंगटीऐवजी स्ट्रायकरने मारा. अंदाज आधी लिहा. आता काटकोन येत नाही आणि समोरासमोर मारलं तर स्ट्रायकर थांबतही नाही, मागोमाग पुढे सरकतो. दोन सारख्या वजनांची गोष्ट इथे मोडली. नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. या हिशेबाने समोरासमोर टक्कर झाली की स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. घरचा वजनकाटा १ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर दहा सोंगट्या एकत्र ठेवून वजन करा आणि दहाने भागा. हा हिशेब मुलांनी स्वतः करावा. सोंगटी आणि स्ट्रायकर किती अंतरावर थांबले तेही मोजता येतं, फक्त फ्रेमला लागू द्यायचं नाही, म्हणजे फार हलकं मारायचं.

टकरीत एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, बदलत नाही, हा संवेग अक्षय्यतेचा नियम शाळेत सूत्र म्हणून येतो. त्याआधी ही पांढरी रेघ पाहिलेल्या मुलाला ते सूत्र वाचताना बोर्ड दिसतो.

बांगडी, गोटी आणि फुगडी

टेबलावर एक बांगडी ठेवा आणि तिच्या आत गोटी जोरात फिरवा. गोटी कडेकडेने गोल फिरत राहते. विचारा: फिरता फिरता बांगडी पटकन उचलली तर गोटी कुठे जाईल? तीन उत्तरं हमखास येतात. गोलच फिरत राहील, बाहेरच्या बाजूला उडेल, सरळ जाईल. तिन्ही वहीत नावानिशी लिहा, मग उचला. गोटी त्या क्षणी ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेने सरळ निघते. वर्तुळाच्या मध्यापासून लांब अशी ती उडत नाही, स्पर्शिकेवरून जाते. खात्री पटत नसेल तर टेबलावर ओला कपडा फिरवून घ्या, म्हणजे गोटीच्या वाटेची रेघ दिसेल.

हे पाहिल्यावर अंगणात फुगडी. एकमेकींचे हात फुल्या करून मनगटाशी घट्ट धरायचे, पाय जवळ आणि अंग मागे झोकून. खाली माती किंवा गवत असावं, फरशीवर नको. थांबल्यावर विचारा, हाताला काय वाटलं? "कुणीतरी बाहेर ओढतंय," असं सगळ्या म्हणतात. आता बांगडीची आठवण द्या. गोटीला बाहेर कुणी ओढत नव्हतं, बांगडीच तिला सतत आत वळवत होती. फुगडीत ते वळवायचं काम हात आणि टेकलेले पाय करतात. अंदाज हवा असेल तर बघा: ३० किलोची मुलगी, शरीराचा मध्य फिरण्याच्या केंद्रापासून सुमारे अर्धा मीटर आणि दीड सेकंदाला एक फेरी, एवढ्यावर लागणारी ओढ जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनाइतकी होते. फेरी १ सेकंदात झाली तर वजनाच्या दुप्पट. वेग दीडपट आणि ओढ सव्वादोन पट, म्हणून फुगडी रंगात आली की अचानक हात सुटल्यासारखं वाटतं.

मग आत्याला आणि लहान मुलीला एकत्र फुगडी घालायला लावा आणि बाकीच्यांनी कडेला उभं राहून दोघींच्या वाटा बघा. आत्या जवळजवळ जागीच फिरते आणि पोरगी मोठं वर्तुळ घेते. पृथ्वी आणि चंद्राचंही असंच आहे. दोघं मिळून एका सामाईक बिंदूभोवती फिरतात, आणि पृथ्वी इतकी जड की तो बिंदू तिच्या पोटातच येतो.

स्वयंपाकघर

इथे मूल बघणार आणि मोजणार, विस्तवाला हात मोठ्यांनी लावायचा. कुकरची शिट्टी कुणीही हाताने उचलायची नाही.

कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. शिट्टीचं वजन ठरवतं की दाब किती झाल्यावर वाफ बाहेर पडणार. म्हणजे एकदा पूर्ण दाब आला की गॅस कितीही मोठा ठेवा, आतलं तापमान वाढत नाही. जास्तीची उष्णता शिट्टीवाटे निघून जाते. एक दिवस नेहमीप्रमाणे मोठ्या आचेवर डाळ लावा. दुसऱ्या दिवशी तेवढीच डाळ, तेवढंच पाणी, पण पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा आणि शिट्ट्या न मोजता तेवढीच मिनिटं ठेवा. दोन्ही दिवशी डाळ किती शिजली आणि पाणी किती उरलं ते लिहा. आमच्या घरी या प्रयोगानंतर शिट्ट्या मोजणं बंद झालं, घड्याळ लावलं जातं. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यातली डाळ शिजायला जास्त वेळ का लागतो, हा याच्याच उलट बाजूचा प्रश्न. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं.

माठाचा प्रयोग संक्रांतीनंतर करा, कारण तेव्हा घरात सुगडं असतात. एक कोरं सुगड ताटलीत ठेवा, शेजारी तेवढंच पाणी घेऊन स्टीलचं भांडं. दोन्हींचं ताटलीसकट वजन सकाळी आणि संध्याकाळी करा. सुगडाचं वजन जास्त घटतं. "पाणी गेलं कुठे?" ताटलीत थोडं झिरपलं असेल, पण ते वजनात धरलेलंच आहे. बाकीचं हवेत गेलं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी आतल्या पाण्यातूनच घेतली जाते. १० लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडालं आणि सगळी उष्णता आतूनच गेली असं धरलं, तर पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरच्या गरम हवेतूनही उष्णता आत येत असते. हाच प्रयोग जुलैत पुन्हा करा, वजन फारसं घटणार नाही. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जीव वाचवतो आणि कोकणातल्या दमट हवेत तो तेवढा गार होत नाही, ते यामुळेच. माठाला बाहेरून ऑइलपेंटने नक्षी काढून घेण्याची हौस मला म्हणूनच पटत नाही, त्याची छिद्रंच बुजतात.

तव्यावरच्या थेंबाची गोष्ट थोडक्यात. तवा जेमतेम तापला असेल तर शिंपडलेलं पाणी चर्र होऊन लगेच आटतं. खूप तापला की थेंब गोल होऊन तव्यावर नाचत राहतो आणि उलट जास्त वेळ टिकतो. त्याच्या खाली वाफेची गादी तयार होते. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टराने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं. घावन घालणाऱ्या बायका थेंबाच्या वागण्यावरूनच तवा जोखतात.

प्रवासात, पावसात

पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, एक बुडबुडा राहू द्या आणि एसटीत मांडीवर आडवी धरा, बूड मागे आणि तोंड पुढे. गाडी वेग घेताना आपण मागे रेलतो. बुडबुडा कुठे जाईल? तो पुढे जातो. ब्रेक लागला की आपण पुढे, बुडबुडा मागे. बाटली फिरवून गाडीच्या रुंदीच्या दिशेने धरली तर घाटाच्या वळणावर तो वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. का, ते मुलाला गाव येईपर्यंत शोधू द्या. पाणी बुडबुड्यापेक्षा जड आहे, एवढाच धागा द्यावा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. हे घरात बसून करायचं, गच्चीत नाही.

वहीबद्दल

दोन रकाने पुरतात: काय होईल असं वाटलं, काय झालं. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका. मी मुलांच्या वह्या बघते तेव्हा चुकलेल्या अंदाजांच्या ओळी आधी वाचते. "बाबा जड म्हणून झोका हळू" ही ओळ भाचीच्या वहीत अजून आहे आणि तिच्या खाली तिने तीनदा मोजलेले आकडे.

मुलाने असं काही विचारलं की ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही, तर तोच प्रश्न वहीत तारीख घालून लिहा. फोनवर लगेच शोधू नका. आधी विचारा, "हे कसं तपासता येईल?" बऱ्याच वेळा घरातल्या घरात तपासता येतं. आणि प्रयोग फसला तर टाकून देऊ नका. कॅरमचा काटकोन नीट आला नाही, तर पावडर ओली होती का, सोंगटीची कड तुटली होती का, ते बघण्यातच खरी मजा आहे.

कवडसा

हा प्रयोग मला सगळ्यात जवळचा. गावच्या घरी कौलांच्या फटीतून दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. फट कशीही वेडीवाकडी असली तरी उंचावरून आलेला कवडसा गोलच. आंब्याखाली पानांच्या सांदीतून पडणारे सगळे ठिपके गोल किंवा लंबगोल. आपण त्यांच्याकडे बघतो पण हे कधी विचारत नाही.

शहरात कौलं नाहीत, म्हणून आरसा घ्या. त्याच्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाला अर्ध्या सेंटीमीटरचं त्रिकोणी भोक पाडा. खिडकीत आरसा ठेवून ऊन खोलीतल्या अंधाऱ्या भिंतीवर फेका. जवळ धरला तर भिंतीवर त्रिकोण दिसेल. भिंत चार-पाच मीटर लांब असली की तोच उजेड गोल होतो. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे थेट बघायचं नाही, ऊन कुणाच्या डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, हे आधी दोनदा सांगा.

भिंतीवरचा तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र आहे. आता त्याने सूर्य मोजा. गोल लंबगोल दिसत असेल तर पुठ्ठा किरणांच्या समोर सरळ धरून त्यावर घ्या. व्यास मोजा, त्यातून भोकाची रुंदी वजा करा. मग आरशापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर मोजा. ५ मीटर अंतरावर वजाबाकीनंतर साधारण साडेचार सेंटीमीटरच्या वर आकडा येतो. अंतराला व्यासाने भागलं की १०८ च्या आसपास. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. १५ कोटीला १०८ ने भागा, जवळजवळ १४ लाख किलोमीटर. हा सूर्याचा व्यास, एका टेपने, घरातल्या भिंतीवर.

तेवढ्यात एक गोष्ट लक्षात येईल. पेन्सिलीने आखलेल्या गोलातून कवडसा सरकून गेलेला असतो. घड्याळ लावा. आरसा न हलवता कौलातला किंवा पुठ्ठ्याच्या भोकातून आलेला कवडसा घेतला, तर आपल्याच जागेवरून पूर्ण बाजूला व्हायला त्याला सुमारे २ मिनिटं लागतात. ते सरकणं म्हणजे पृथ्वीचं फिरणं, डोळ्यांसमोर. आरशातला कवडसा थोडा वेगळा सरकतो, त्याचं कारण शोधणं मोठ्या मुलांकडे सोपवा.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल, आणि दिवस मावळतीकडे झुकल्यावर. पावसाळा असल्याने ढग असतील, पण उघडीप मिळाली तर झाडाखाली जा, पांढरी चादर घेऊन. ऊन तिरपं असेल, म्हणून चादर जमिनीवर न अंथरता दोघांनी दोन टोकं धरून उभी ताणायची. पानांच्या सांदीतून तिच्यावर पडलेला एकेक कवडसा कोरलेला दिसेल, शेकडो छोट्या कोरी एकदम. आरशाचा कागदही बरोबर ठेवा, जवळ भिंत असली तर. आणि मुलांना आधीच विचारून वहीत लिहून घ्या: कोर उलटी दिसेल की सुलटी?